गाळायचं फडकं

नळीचं तोंड सुटलं आणि गोमटेशच्या हातावर जे ओघळलं, त्याला पाणी म्हणायला त्याची जीभ धजली नसती. हिरवट, बुळबुळीत, तार सुटलेलं काहीतरी होतं ते. वास तर असा, जणू लग्नघरातलं पातेलं चार दिवस न धुता झाकून ठेवलंय. त्यानं तोंड फिरवलं, तर समोर लालासाहेबाचा मोबाइल.

"बादली दाव की रं, बादली!" लालासाहेब म्हणाला आणि मोबाइल आणखी पुढं आणला. "बघा मंडळी. सांगलीच्या नावाजलेल्या कारागिरानं आमच्या काम्प्युटरमदी भरलेलं पानी. गटार हाय का न्हाई सांगा."

"लालासाहेब, आधी बघू तर द्या कशानं झालंय."

"बघ की. मी कुठं धरलंय तुला? समदं रेकॉर्ड व्हतंय, एवढं ध्यानात ठेव."

मलकापुरात लालासाहेबाचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ होता. लग्नसराईत त्याची मशीन रात्रंदिवस चालायची आणि तापून बंद पडायची. म्हणून उन्हाळ्यात त्यानं गोमटेशकडून पाण्यानं गार होणारी मशीन बांधून घेतली होती. प्रकार मोटारीच्या इंजिनासारखाच. पंप पाणी फिरवतो, पाणी प्रोसेसरची उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि पुन्हा टाकीत येतं. काचेच्या पेटीतून सगळं दिसतं. नळ्या गरम करून काटकोनात वाकवायला गोमटेशला आठवडा लागला होता. काम झालं तेव्हा याच लालासाहेबानं त्याला हार घातला होता आणि त्याचाही व्हिडिओ काढला होता.

गोमटेशची एक रीत होती. टाकीत पाणी भरताना तो ते दुहेरी पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्यायचा. विकतच्या बाटलीतलं पाणी आधीच शुद्ध असतं हे काय त्याला कळत नव्हतं? पण त्याची आई, सुंदरीबाई, गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घागरीत जाऊ द्यायची नाही. जैनाच्या घरात वाढलेल्या हाताला ते वळण लागलं ते लागलंच. गिऱ्हाइकं आधी हसली. मग तीच सांगू लागली, मशीन करायची तर गाळलेल्या पाण्याच्या गोमटेशकडून करा. धंदा त्या नावावर चालला होता. आणि आता त्या नावाला कुणी गटार म्हणत होतं, तेही कॅमेऱ्यासमोर.

दारात पावलं वाजली. लालासाहेबाची आई, धोंडुबाई, चहा घेऊन उंबऱ्याशी थांबली होती. सत्तरी उलटलेली, नऊवारी नेसलेली, दोन्ही हातांत दोन कप.

"थितंच थांब, म्हातारे!" लालासाहेब खेकसला. "पायाची माती आत आनतीस. किती डाव सांगायचं? अक्कल गहाण टाकलीस काय?"

म्हातारीनं पाय मागं घेतला. लालासाहेबानं कप घेतला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "साखरंचं पोतं वतलंय जनू," असं म्हणत उरलेला चहा त्यानं सरळ त्या बादलीत ओतला. घाण उडाली ती गोमटेशच्या पँटवर. म्हातारी खाली बघत होती. गोमटेशला बादलीतल्या चिकट्याची किळस आली होतीच, त्या चहाची जास्त आली.

तेवढ्यात लालासाहेबाला फोन आला. कुणाचं तरी लग्न अडलं होतं. मोठमोठ्यानं बोलत तो बाहेर गेला.

गोमटेशनं प्रोसेसरवरचा तांब्याचा ठोकळा खोलला. आतल्या बारीक खाचा घाणीनं गच्च लिंपल्या होत्या. टूथब्रशनं त्यानं ती सगळी सोडवली, नळ्यांतलं उरलेलं पाणी तिच्यात मिसळलं आणि सवयीनं फडक्यातून गाळलं. फडक्यावर हिरव्या चिकट्यात दोन-तीन पांढरे तुकडे उरले आणि एक लांब तपकिरी धागा. त्यानं तो चिमटीत धरून उजेडात बघितला.

नारळाच्या शेंडीचा काथ्या! आणि ते तुकडे खोबऱ्याचे.

घावलं, गोमटेश मनात म्हणाला. आता ये म्हणावं तुझा कॅमेरा घेऊन. हेच फडकं पसरतो तुझ्या मंडळींपुढं. त्याचा जीव एकदम हलका झाला. वासाचं गूढही उकललं. नारळाचं पाणी महिनाभर कोमट फिरत राहिलं तर ते आंबणार नाही तर काय होणार?

"हात धुवा, पानी आनलंय," धोंडुबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. तांब्या पुढं करताना तिची नजर फडक्यावर गेली आणि तिथंच राहिली.

"मावशी, ह्यात नारळ कुनी फोडला?"

"मीच." म्हातारीनं आढेवेढे घेतले नाहीत. "दसऱ्याला समद्या मशिनींची पूजा केली. क्यामेऱ्यांस्नी हळदीकुकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. ह्ये काम्प्युटर पानी पितंय असं लालाच म्हनला व्हता. वर त्वांड बी हाय त्येला. म्हटलं, मानाचं पानी ह्येला पाजावं."

"किती पाजलं?"

"समदं." मग जरा थांबून म्हणाली, "लय ग्वाड व्हता नारळ."

गोमटेशला म्हातारीचा राग आला. हसूही आलं, पण ते त्यानं दाबलं.

"मागं माझ्या हातनं एक क्यामेरा पडला," ती हळू आवाजात म्हणाली. "तवापासनं ह्या खोलीत मला मज्जाव हाय. दसऱ्याचा तेवढा एक दिस आत येऊ दिलं व्हतं." तिनं दाराकडं बघितलं. "तुमी सांगा त्येला. माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय नगं."

बाहेर चपला वाजल्या. म्हातारी बाजूला झाली, भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय घावलं का, शेठ?" लालासाहेबानं येता येताच मोबाइल वर केला. गालात मावा होता. तो बादलीत थुंकला आणि हातानं तोंड पुसलं. "बोला आता. मंडळी ऐकत्यात. पानी कशानं नासलं?"

गोमटेशनं त्याच्याकडं बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात लाल लाळ साचली होती आणि डोळे मजा बघायला टपलेले. फडकं उलगडलं की या माणसाला घर डोक्यावर घ्यायला कारण मिळणार होतं. तो खोलीबाहेर ठेवलेल्या म्हातारीला आता घराबाहेरही काढणार होता, आणि तेही रेकॉर्ड करणार होता. मन मोठं झालं वगैरे गोमटेशला काही वाटलं नाही. किळस आली होती, एवढंच. असल्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडासुद्धा ठेवावासा वाटेना.

"नासलं," तो म्हणाला. "सगळं साफ करून भरून देतो."

"पन भरलं व्हतं कुनी?"

गोमटेशनं फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मीच."

"ऐकलं का मंडळी?"

दुपारभर तो घासत बसला. नळ्या बदलल्या, रेडिएटर चार वेळा खळखळून काढला. नवं पाणी भरायची वेळ आली तेव्हा हात आपसूक खिशाकडं गेला आणि परत आला. दुसरं फडकं आणलं नव्हतं. त्यानं बाटली तशीच टाकीत उपडी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं न गाळता पाणी भरलं होतं, आणि ते त्याला मशीन चालू झाल्यावरही खुपत राहिलं.

निघताना अंगणात धोंडुबाई उभी होती.

"मावशी, पुढल्या दसऱ्याला नारळाचं पानी तुळशीला घाला."

"पुढल्या दसऱ्याला आत येऊ देत्यात का बघू," ती म्हणाली आणि तिनं पदर सारखा केला.

सांगलीत पोचेपर्यंत व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता. मिरजेच्या एका डॉक्टरानं मशीन सांगितली होती, त्याचा निरोप आला, सध्या राहू दे. घरी त्याची बायको शालन मोबाइल हातात घेऊनच बसली होती.

"आवं, ह्यात तुमी 'मीच' म्हनताय."

"व्हय. मीच भरलं व्हतं."

तिनं धुवायला टाकायला त्याच्या खिशातनं फडकं काढलं, उलगडलं आणि नाकाला पदर लावला. मग वाकून बघितलं. "ह्यो काथ्या हाय. आन ह्ये खोबरं." तिनं मान वर केली. "मग त्येला सांगितलं का न्हाई?"

"कुनाला? त्या मानसाला?" गोमटेशनं तोंड असं केलं, जणू नळी पुन्हा हातावर सुटली होती.

शालननं मोबाइल पालथा घालून ठेवला.

"आन हिकडं, मी धुतो," तो म्हणाला. नळाखाली त्यानं फडकं साबण लावून धुतलं, पिळलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा धुतलं. वास जाईना. हिरवा डागही राहिला होता. शेवटी त्यानं फडकं झटकलं आणि दोरीवर, बाकीच्या पांढऱ्या फडक्यांच्या शेजारी, नीट ताणून वाळत घातलं.