सात दिवसांची मुदत

"हल्ली हा बोलायच्या आधी श्वास घेतो," ताई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ हसला. ताईला जन्मापासून दिसत नाही, पण कान असे की दारात कोण उभं आहे ते चपलांवरून सांगेल. 'हा' म्हणजे तिच्या कॉम्प्युटरवरचा वाचक, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने तो तिच्यासाठीच लिहिला आणि सगळ्यांना खुला करून टाकला. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. हळूहळू त्याचे बारा राखणदार झाले, म्हणजे आलेली सुधारणा तपासून आत घेणारे. कुणी शाळामास्तर, कुणी दोन लेकरांची आई, सगळे आपापली नोकरी सांभाळून लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे.

म्हणून धाकट्यानेच नियम घातला होता. सुधारणा मांडली की सात दिवस थांबायचं. एका राखणदाराने जरी हरकत घेतली तरी ती अडली, कुणीच घेतली नाही तर मंजूर. मौन म्हणजे संमती. भल्या माणसांत हा नियम कित्येक वर्षं सुरळीत चालला.

मग कंपनी आली. तिचा माणूस इतका गोड बोलायचा की राखणदार आपसांत त्याला गोडबोल्या म्हणत. "आम्ही कसले मालक, आम्ही तुमच्यातलेच," असं तो दर वेळी म्हणायचा. कंपनीने सर्व्हर दिले, आवाज गोड केला, बारापैकी सात राखणदारांना नोकरी दिली. धाकट्याला वाटलं, देवच पावला. गोगलगाय आणि पोटात पाय, हे त्याला तेव्हा सुचलं नाही, आणि याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. आठवड्याला पाच सुधारणा यायच्या, तिथे दोनशे येऊ लागल्या. वाचायच्या कुणी?

"सारखाच श्वास घेतो?" त्याने विचारलं.

"नाही. पत्र वाचायचं असलं की. चुटकी वाजेल एवढाच."

धाकट्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ताई मदतकेंद्रात काम करायची. घरात मार खाणाऱ्या बायका तिला पत्रं लिहायच्या, सख्ख्या आईलाही सांगितलं नसेल असं काही त्यांत असायचं. पत्र वाचायची वेळ झाली की केंद्रप्रमुखसुद्धा खोलीबाहेर जायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

त्याने केंद्रातल्या तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून लॅपटॉप उघडला. वीस मिनिटांत सापडलं. सुधारणा चार महिन्यांपूर्वीची, नाव 'वाचन अधिक नैसर्गिक करणे'. आत मात्र असं होतं की लांब मजकूर आधी कंपनीकडे जाणार, तिथे साठवला जाणार, आणि मग आवाज होऊन परत येणार. तोच तो श्वास. त्याने तारीख पुन्हा बघितली. त्या आठवड्यात तो ताईच्या नव्या खोलीला रंग देत होता. लॅपटॉप सात दिवस पिशवीतच होता.

त्याने ती सुधारणा मागे घ्यायचा प्रस्ताव टाकला. अकराव्या मिनिटाला हरकत आली. शाळामास्तरची, त्याच्या सगळ्यात जुन्या सोबत्याची. मास्तर आता कंपनीत होता. 'नियमानुसार मंजूर झालेलं आहे,' एवढंच त्याने लिहिलं होतं. खाली गोडबोल्याची ओळ होती: 'नियम तुमचाच आहे, आणि आम्हाला तो मनापासून आवडतो.'

धाकट्याने उठून ताईच्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपसली. "आता वाचायला सांग."

तिने कळ दाबली. "जोडणी नाही," गोड आवाज म्हणाला. "वाचन थांबवले आहे."

"मग तुझा जुना घाल ना."

"या मशीनवर कंपनीने मंजूर केलेलाच चालतो, ताई. मशीनही त्यांनीच दिलंय केंद्राला."

ताईने कळेवरचा हात काढला. "मागच्या महिन्यात एकीने ती कुठे लपलीय ते लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी तिला कळवलं, बिनधास्त लिही, माझ्याशिवाय हे कुणी वाचत नाही."

आपल्याच हाताने तिच्या पायावर धोंडा पाडला, एवढं धाकट्याला कळत होतं.

"आज किती पत्रं आलीत?" ताईने विचारलं.

"सहा." पडद्यावर नजर जाऊ नये म्हणून तो धडपडत होता, तरी गेलीच. "एकावर तातडीचं असं लिहिलंय. मी वाचून दाखवू?"

"ते तुला लिहिलेलं नाही." तिने हात पुढे केला. "वायर दे."

"ताई, ते तिकडे जाईल."

"माहीत आहे. पण तिला आत्ता काही झालं असेल तर? दे."

त्याने वायर दिली. तिने चाचपडत खाच शोधून ती बसवली आणि थांबून राहिली. तो का थांबलाय हे तिला कळत होतं, आणि ती का थांबलीय हे त्याला. केंद्राच्या नियमाप्रमाणे तो खोलीबाहेर गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

आत वाचकाने श्वास घेतला. बाहेर गेलेला तो एकटाच होता.