पुढचे दोन पंख

देवानंदच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर जऊळक्याच्या एकाही मेडिकलमध्ये गोळी नव्हती. दुखणं समोरच बसलं होतं. त्याच्याच दुकानात, त्याच्याच स्टुलावर, त्याच्याच सोल्डरिंग गनने केसाएवढी वायर जोडत. नाव रंजीता. नात्याने बायको.

स्टेशनच्या रस्त्यावरचं हे मोबाईल दुरुस्तीचं दुकान त्याने अकरा वर्षं चालवलं होतं. आसपासच्या गावांत, तांड्यांत त्याला मिस्त्री म्हणत, आणि मिस्त्री म्हणवून घ्यायला गडी फार खूश असायचा. लग्नानंतर रंजीता दुपारचा डबा घेऊन यायची. मग डबा रिकामा होईपर्यंत थांबायला लागली, मग स्क्रू उचलून द्यायला लागली, मग कधी त्याच्या बाजूला स्टूल टाकून बसली ते त्यालाही कळलं नाही. शिकवलं त्यानेच, हौसेने शिकवलं. दुकानाचा फोन वाजला की ती उचलून म्हणायची, “मिस्त्रीची बायको बोलून राह्यली.” ते ऐकलं की देवानंद उगाच शर्टाची कॉलर नीट करायचा.

हे सगळं बिघडलं पोहरादेवीच्या यात्रेपासून. यात्रेत खेळण्यातले ड्रोन विकायला आले होते. लोकांनी ते लेकरांना घेऊन दिले, लेकरांनी झाडावर घातले, आणि आठवड्याभरात तीन ड्रोन मोडक्या अवस्थेत देवानंदच्या काउंटरवर आले. त्याने उघडून पाहिलं आणि तिन्ही भंगारच्या डब्यात टाकले. “हे आता काही उडत नाई,” त्याने निकाल दिला.

“मी पाहू का?” रंजीताने विचारलं.

“पाह्य,” तो म्हणाला. लेकरू हट्ट करतं तेव्हा मोठी माणसं म्हणतात, तसं म्हणाला. चुकलं ते तिथे.

तीन आठवडे ती त्या भंगारच्या डब्याशी झटली. एका ड्रोनच्या दोन मोटरी चांगल्या निघाल्या, दुसऱ्याच्या दोन. सर्किट तिसऱ्याचं. सांगाडा आईस्क्रीमच्या काड्यांचा. मोटरी करंगळीच्या पेराएवढ्या. त्यांचं गणित देवानंदनेच तिला समजावलं: लाल-निळ्या वायरीची मोटर एका बाजूने फिरते, काळ्या-पांढऱ्या वायरीची उलट्या बाजूने, म्हणून पंखही दोन जातीचे असतात आणि ज्याचा त्यालाच बसवावा लागतो, नाहीतर यंत्र उलटतं. सांगून तो विसरला होता. ती नव्हती विसरली.

एका दुपारी ते तळहाताएवढं यंत्र भुर्र करून काउंटरवरून उठलं आणि छताच्या पंख्याखाली जाऊन हवेत थांबलं. देवानंदला क्षणभर खरंच आनंद झाला. मग रंजीताचा चेहरा पाहिला. इतकी खूश ती त्याच्यामुळे कधी झाली होती, ते त्याला आठवेना.

“बॅटरी लवकर संपन,” तो म्हणाला.

जळत होता तो, साफ सांगायचं तर. आणि जळणाऱ्याला गाव तेल घालायला तयारच असतं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आळीतली सोजरबाई फोन घेऊन आली. देवानंदने हात पुढे केला, तर म्हातारीने फोन मागे घेतला. “तुयाजवळ नाई, बाबू. तुयी बायको कुठी हाय? ते ड्रोनवाली. तिले दाखवतो.” चार्जिंगच्या भोकात कचरा अडकला होता, सुईने निघाला असता. पण सोजरबाई रंजीता येईपर्यंत तासभर बाकावर बसून राहिली, आणि तो तासभर देवानंदने तिच्याकडे पाठ करून एकच स्क्रू घट्ट केला.

हेही त्याने गिळलं असतं. पण मग आले दौलतसिंग. वाशिमला त्यांचं केंद्र होतं, फवारणीचे मोठे ड्रोन शेतकऱ्यांना भाड्याने देण्याचं. काही बिघडलं की मशीन नागपूरला पाठवावं लागे, म्हणून ते जवळचा एखादा मिस्त्री शोधत होते. देवानंदने दोन महिने त्यांचा पिच्छा पुरवला होता. त्याला ते काम पाहिजे होतं, मनापासून पाहिजे होतं. आणि नेमका त्यांचा फोन आला तेव्हा तो चहाला गेलेला. रंजीताने उचलला, बोलता बोलता आपल्या ड्रोनचं सांगितलं, आणि दौलतसिंग म्हणाले, गुरुवारी येतो, तो उडवून दाखवा.

“तुमच्या कामाचंच बोलली मी,” ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. त्यामुळे तर तो आणखी पेटला.

गुरुवारी सकाळी रंजीता पाण्याची कॅन भरायला गेली. ड्रोन काउंटरवर होता. देवानंदने वायर कापायचं कटर उचललं. पात्यात लाल वायर आलीही. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने कटर खाली ठेवलं आणि पुढचे दोन पंख उपसून त्यांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बघणाऱ्याला काडीचा फरक दिसला नसता. मग हात खिशात घातले.

अकराला दौलतसिंग आले. चहा झाला. रंजीताने रिमोट हातात घेतला, पदर खोचला आणि खटका वर सरकवला. ड्रोनने जागच्या जागी कोलांटी मारली आणि चार पंख वर करून पडला. तिने सरळ करून पुन्हा उडवला. पुन्हा कोलांटी.

“अरेरे,” देवानंद म्हणाला. “हातचं काम हाय, साहेब. कधी चालते, कधी नाई.” आतून त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

रंजीताने ड्रोन उचलून डोळ्यांजवळ धरला. बोटाने एक पंख फिरवला, मग दुसरा. मग तिने मान वर करून देवानंदकडे पाहिलं. फार वेळ नाही. चिमट्याने पुढचे दोन पंख काढले, जागा बदलून बसवले आणि खटका सरकवला. ड्रोन वर गेला, दौलतसिंगच्या टोपीभोवती एक फेरी मारून काउंटरवर येऊन बसला.

दौलतसिंग हसले. “उडणारं मशीन कोणीबी दाखवते. पडलेलं मशीन दोन मिनिटांत माया डोळ्यांसमोर उठवणारं माणूस पायजे होतं मले. सोमवारपासून या मॅडम. कोणाजवळ शिकल्या?”

“यायच्याजवळ,” ती मानेने देवानंदकडे दाखवत म्हणाली. “पंखायचं बी यायनंच शिकवलं.”

ते गेले. दुकानात दोघंच उरले. रंजीता चिमटा पुसत होती.

“पुढचे दोन बदलले होते,” ती म्हणाली. “कोणता कुठी लागते, हे जऊळक्यात दोघायलेच मालूम हाय. मी तं बदलले नाई.”

देवानंदने काउंटरवरचं कटर उचलून खणात टाकलं.

“काहून केलं?”

“तुया हातून उडलं,” तो शेवटी म्हणाला. “मी भंगारात टाकलेलं तुया हातून उडलं. अकरा वर्सं मिस्त्री हाय मी.”

“मले सांगायचं मंग. दोघायनं मिळून बनवलं म्हनलं असतं मी.”

“तेच नको होतं. तुनं दिलेलं नको होतं मले.”

लाल वायरीवर पात्याचा बारीक ओरखडा होता, त्यावरून तिने नख फिरवलं. “हे कापली असती तं मले दुपार लागली असती. साहेब निघून गेले असते. कापली नाई तुमी.”

“टाईम नव्हता,” तो म्हणाला. टाईम भरपूर होता. ते तिलाही माहीत होतं.

फोन वाजला. तो दोघांच्या मधे काउंटरवर होता. रंजीताने त्याच्याकडे पाहिलं, पण उचलला नाही. पाचव्या घंटीला देवानंदने उचलला.

“रंजीता मॅडम हाय काय?” दौलतसिंगच्या केंद्रातला कोणी माणूस होता. “नाव लिहायचं होतं. तुमी कोण?”

देवानंदने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मॅडमचा नवरा बोलून राह्यलो,” तो म्हणाला.

रंजीताने फोनसाठी हात पुढे केला. त्याने दिला, पण लगेच नाही.