पेटलेला बोर्ड

"मावशी, त्यो बोर्ड परत येतोय," सद्दामनं फोन खाली ठेवत सांगितलं, आणि शालनच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला.

"कुठला रं?"

"डाळजच्या युवराजरावांचा. गोळीच्या मशीनचा. सोळातलं चार दिवं पेटंनात म्हणं."

परत आलेला बोर्ड! बारामतीच्या कारखान्यात बावीस वर्षं ती याच एका गोष्टीला भ्यायली होती. पहाटे पाचला तिच्या गावाहून, वरकुट्याहून, कंपनीची बस, सातला पट्ट्यावर सात नंबरची जागा, समोरून सरकत येणारे बोर्ड आणि तिच्या वाट्याला खसखशीएवढा एकच दिवा. चिमट्यानं उचलायचा, त्याच्यावरची हिरवी खूण आपल्याकडं करायची, बसवायचा. की आलाच पुढचा. बोर्ड चांगला निघाला तर तो कुठं गेला, कशात बसला, याचा कुणाला पत्ता नसे. वाईट निघाला तरच तो सात नंबरचं नाव घेत माघारी यायचा. एकदा तिनं सायबाला विचारलंही होतं, "हे कशात बसतंय वो?" तर तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" झालं! तोंड बंद. पुढं दिवे बसवायचं मशीनच आलं आणि पट्ट्यावरच्या अकरा बायका एका शनिवारी घरी गेल्या. आपण बसवलेला एकही दिवा पेटलेला तिनं कधी पाहिला नाही.

आता इंदापुरात सद्दामच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ती बारीक काम करायची. पोरगा तिशीचा, तोंडाचा फटकळ, पण मावशीच्या हाताला मानणारा. युवराजनं हे मशीन पुण्यातल्या बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबातून आणलं होतं, डाळजच्या आपल्या कृषी पर्यटन केंद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी. उतरतं टेबल, वर काच, स्प्रिंगनं उडणारी लोखंडी गोळी. गोळी धडकेल तसे खालचे दिवे पळतात म्हणे. त्या दिव्यांचा बोर्ड तेवढा काढून त्यानं दुकानात दिला होता. शालननं तीन जळके रेझिस्टर बदलले, एक दिवा बदलला, आणि बोर्ड गेला. "पेटल्यावर बघून यिऊ का रं?" तिनं विचारलं तेव्हा सद्दाम हसला होता.

आज मात्र ती उठलीच. "बोर्ड हितं आणू नगं म्हणावं. मीच जाते."

"येड लागलंय का मावशी? पुण्याला पाठवतील ते. आन् चार वाजता तीन मोबाईल द्यायचेत."

"तीनच्या गाडीनं माघारी येते. पर आज मला त्यो पेटलेला बघायचाय. बास!"

सद्दामनं हात जोडले. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एसटीत तिला बूड टेकवेना. दोनदा जागा बदलली, तीनदा पिशवीत हात घालून सोल्डरिंगची बंदूक चाचपली, कंडक्टरला "डाळज फाटा आला का?" विचारून विचारून भंडावलं. डोक्यात एकच. सोल्डरचा टाका सुटला असंल का? का रेझिस्टरच वाकडा बसला? छे, तिन्ही मीटरवर तपासले होते. दिवा तेवढा तपासला नव्हता. दिव्यात काय तपासायचं! बावीस वर्षं हिरवी खूण आपल्याकडं.

युवराज उघड्या शेडमध्ये मशीनची काच काढूनच बसला होता. "मावशी, तुमी? मला वाटलं सद्दामभाई येत्याल."

"का? बाईमाणसाला गोळी मारतंय का काय तुमचं मशीन?" म्हणत तिनं भिंगाचा चष्मा चढवला.

टाके सगळे जागच्या जागी. मग मीटरची टोकं दिव्याला लावली, उलटी करून लावली, आणि तिचे कान तापले. दिवा उलटा बसला होता. या दिव्याच्या कंपनीनं हिरवी खूण दुसऱ्या टोकाला दिली होती. चार दिव्यांची एक ओळ, त्यातला एक उलटा, की चारही ठप्प.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. हे शब्द तिनं पट्ट्यावर कितीतरी वेळा खालमानेनं म्हटले होते. आज मान वर होती.

"मग काय, पुण्याला पाठवू?"

"पुण्यातल्या माणसांना काय चार डोळं हायती? पंखा बंद करा आन् टॉवेल धरा आडवा. वारं लागाय नगं."

उजनीच्या पाण्यावरून भणाण वारा येत होता. युवराजनं टॉवेल धरला. शालननं टाका वितळवला, दिवा चिमट्यात उचलला, आणि नेमकी एक झुळूक टॉवेलाखालून शिरली. चिमटा रिकामा!

"हालू नका!" ती ओरडली. दुसरा दिवा तिनं आणलाच नव्हता. ती श्वास धरून बसली, नुसते डोळे फिरवत. फरशीवर नाही, बोर्डावर नाही. शेवटी मांडीवर पसरलेल्या पदराच्या काठावर काहीतरी पिवळं दिसलं. तिथून तिनं तो टिपला, हिरवी खूण पलीकडं केली आणि बसवला. मीटर लावला. या खेपेला दिवा पुसटसा उजळला.

बोर्ड जागेवर गेला, काच बसली, बटण दाबलं. युवराजनं स्प्रिंग ओढून गोळी सोडली. खडखड झाली, पण काचेवर तेवढं पांढरं ऊन.

"पेटलंय जणू," युवराज म्हणाला. "उन्हात काय दिसत न्हाय. रातच्याला कसं झ्याक दिसतंय बगा."

रात्री! रात्री ती वरकुट्यात असणार होती. तीनला दहा कमी होते आणि फाट्यापर्यंत दहा मिनिटांची चाल होती. तिनं पिशवी उचलली. दोन पावलं गेली, वळली, पिशवी खाली टाकली. पदर काचेवर पसरला आणि डोकं त्याच्याखाली घातलं. "सोडा गोळी!"

लाल. पिवळा. पुन्हा लाल. गोळी पळेल तसे दिवे तिच्या मागं पळत होते. तिनं मोजले. सोळाच्या सोळा. तिसऱ्या ओळीतला दुसरा तिचा. तिला हसू आलं, मग एकदम रडू आलं, आणि रागही आला. किती सोपं होतं हे! अकरा बायकांना एकदा, पाच मिनिटं, कुणी नेऊन दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं?

फाट्यावर हॉर्न वाजला.

"मावशी, एष्टी आली!"

"जाऊ द्या," पदराखालून आवाज आला. "आनखी एक गोळी मारा."