पंख्याखालचं प्लास्टिक

मी प्रोसेसर बोलतोय. कॉम्प्युटरचा मेंदू वगैरे म्हणून माझं कौतुक करू नका, ते ऐकून ऐकून कान किटलेत. मी चिडलोय, आणि ज्याच्यावर चिडलोय त्याचं नाव कार्लो.

फिनलंडमधल्या कायानी गावात हा कार्लो, त्याची थोरली बहीण तुइया आणि त्यांची आई आउने एकत्र राहतात. आई आणि बहीण जन्मापासून कर्णबधिर. घरात सगळं बोलणं हातांनी चालतं, भांडणंसुद्धा. माझ्या खरेदीवरून झालेल्या भांडणात तर हाताच्या फटक्याने कॉफीचा कप थेट भिंतीवर गेला.

आउने म्हणजे गावातल्या कर्णबधिर मंडळाची गोष्टी सांगणारी. मागच्या वर्षी पक्षाघाताने तिचा उजवा हात गेला. दोन्ही हातांनी सांगितलेल्या तिच्या गोष्टी आता चित्रीकरणातच उरल्यात. त्यांच्या अवाढव्य फाइल दाबून लहान करायच्या, म्हणजे एन्कोडिंग करायचं, आणि मंडळाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवायच्या, हा तुइयाचा ध्यास. कार्लोला मात्र गेम खेळायला भारी ग्राफिक्स कार्ड हवं होतं.

"व्हिडिओचं काम कार्डसुद्धा करतं, आणि चुटकीसरशी करतं," कार्लोचे हात म्हणाले.

"आणि घाईत चित्रातली बोटं पुसून टाकतं," तुइया म्हणाली. "तुला फाटलेला आवाज चालतो का रे? मग मला आईची बोटं तशी कशी चालतील?"

पैसे दोघांचे आणि बेताचे. शेवटी कार्ड कुणाचं तरी वापरलेलं घेतलं, कॉम्प्युटरची पेटी दुकानातली सगळ्यात स्वस्त, आणि मी तेवढा चांगला. एका आईच्या बोटांसाठी मला निवडलं होतं. अभिमान वाटला मला, खोटं कशाला बोलू?

जोडणी कार्लोने केली. सूचनांचा कागद उघडणं त्याला कमीपणाचं वाटतं. माझी उष्णता ओढून घ्यायला डोक्यावर कूलर बसवतात, धातूचा ठोकळा आणि वर पंखा. त्या ठोकळ्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. 'आधी हे काढा' असं त्यावर चांगलं पाच भाषांत लिहिलं होतं, त्यांत फिनिशही होती. पठ्ठ्याने प्लास्टिकसकट कूलर माझ्यावर आवळला!

तुइयाने काम सुरू केलं आणि मी भाजून निघालो. पंखा जीव तोडून किंचाळत होता, पण ऐकणार कोण? घरात कान असलेला एकटा कार्लो, आणि तो कानांवर हेडफोन चढवून बसलेला. शेवटी जळून जाऊ नये म्हणून मी बंद पडलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तू निवडलेला प्रोसेसरच असा, असं कार्लोने बहिणीला सुनावलं. म्हणजे चूक त्याची आणि नाव खराब माझं.

मग त्याला युक्ती सुचली. इथल्या लोकांना काहीही निववायचं असलं की बाल्कनी आठवते. मटारचं सूप तिथे, बिअर तिथे, सौनातून, म्हणजे वाफेच्या खोलीतून, निघालेली लालबुंद माणसंही तिथेच. त्याने मलाही तिथे नेऊन ठेवलं. बाहेरच्या कडाक्यात मी तगलो, रडतखडत चाललो, आणि कार्लो स्वतःवरच खूश झाला. पण शनिवारच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हवा फिरली. छपरांवरचा बर्फ वितळून पाणी गळायला लागलं आणि मी पुन्हा बंद पडलो. तुइया कामावर गेली होती. कार्लोने तिला न विचारता सगळं काम कार्डाला देऊन टाकलं.

पुढचं मला तुइयाच्या हातांवरून कळलं. पडद्यावर आउनेची बोटं एकमेकांत मिसळून गेली होती, हातमोजे घातल्यासारखी. तरी लोकांनी हात उंच करून बोटं हलवली. त्यांची टाळी तीच.

रविवारी कार्लोने मला दुकानात परत करण्यासाठी पेटी उघडली. कूलर काढला आणि ते प्लास्टिक त्याला दिसलं. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, आता तरी बोलेल. त्याने ते सोललं, चुरगळलं आणि खिशात कोंबलं. तुइयाला म्हणाला, "प्रोसेसरच खराब निघाला. बदलून आणतो."

मला तोंड असतं तर त्या दिवशी शेजारपाजार गोळा केला असता!

पण दारात आउने उभी होती. तिचा जन्म माणसांचे हात बघण्यात गेलेला. तिने काही विचारलं नाही, नुसता डावा तळवा पुढे केला. कार्लोने ते प्लास्टिक तिच्या हातावर ठेवलं. तिने ते उलगडलं, वाचलं, तुइयाला दाखवलं. मग टेबलावर ठेवून एका हाताने सावकाश म्हणाली,

"शनिवारी सगळ्यांबरोबर मीही हात हलवला. पडद्यावरची बाई काय सांगत होती, ते मला कळलं नव्हतं."

कार्लोने सूचनांचा कागद शोधून काढला.

तो वाचून त्याने कूलर नीट बसवला. आईची माफी मागितली, बहिणीची मागितली. माझी मागायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय, मी खराब नव्हतो. यंत्राला नावं ठेवण्याआधी आपण त्याच्या डोक्यावर काय आवळलंय ते एकदा बघत जा.

आज तीच गोष्ट मी पूर्ण केली, बोट न् बोट सुटं. आउने खुर्ची ओढून पडद्यापुढे बसलीय. पडद्यावर तिचा उजवा हात वर जातो, तेव्हा तिचा डावा हात मांडीवरून उठतो आणि त्याच्यासोबत बोलायला लागतो.