लाइनपलीकडचा ऑपरेटर

विमा कंपनीच्या छोट्या शाखेत ती टर्मिनलवर बसायची. तिशीतच सगळं ऑफिस तिला मावशी म्हणायला लागलं होतं. टर्मिनल म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेला टाइपरायटरच. खरा संगणक दुसऱ्या शहरात. बऱ्याच कंपन्या तो भाड्यानं वापरायच्या. मावशीनं इकडे आकडे टाइप करायचे, की तिकडून उत्तर खडखडत कागदावर यायचं.

एकदा आकड्यांच्या मधेच अक्षरं उमटली : "जरा थांबा. मशीन तापलंय, माझंही डोकं तापलंय."

तिकडचा ऑपरेटर होता. मावशीनं टाइप केलं, "दोघांनाही पंख्याखाली बसवा."

मग रोज काम आटोपलं की गप्पा रंगायला लागल्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई, बाहेर कुणी मैत्रीण नाही. मावशी मोकळी व्हायची ती त्या कागदावरच.

पुढे प्रशिक्षणासाठी ती त्या शहरात गेली. काचेपलीकडे कपाटांएवढी यंत्रं आणि त्यांच्या गारव्यात स्वेटर घालून बसलेला एक किडकिडीत माणूस.

"प्रवास कसा झाला?" त्यानं विचारलं.

"बरा झाला."

मग तो यंत्रांची माहिती देत राहिला, ती मान डोलवत राहिली. ती परतल्यावर कागद खडखडला : "काय मठ्ठासारखा वागलो मी!" मावशी एकटीच खळखळून हसली.

वर्षभरात शाखेनं स्वतःचा संगणक घेतला. लाइन तोडली तेव्हा मावशी आईला घेऊन दवाखान्यात होती. परतून पाहते तर टेबलावर नवंच खोकं. तिनं तिकडे फोन लावला. तो नोकरी सोडून गेला होता. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई गेली. संगणक लहान होत गेले. मावशी निवृत्त झाली.

परवा भाची चहाला आली होती. "आमच्या ऑफिसात आता मोठं मशीनच नाही गं. सगळं क्लाउडवर. दूर कुठेतरी यंत्रांनी भरलेल्या इमारती असतात, आपण भाडं भरून वापरायच्या."

"अगं, मग आमच्यासारखंच की!" मावशी खुलली. "आणि तिकडे कोण असतं?"

"असतील कुणीतरी. पण ते कशाला आपल्याशी बोलतायत?" भाचीनं बॅग उचलली. "चल, निघते."

ती वळणाआड होईपर्यंत मावशी खिडकीत उभी होती. मग आत येऊन तिनं दोन्ही कप विसळले, आणि भाचीचा पुसून वरच्या फळीवर ठेवून दिला.