पाच वाजताची यादी

अमृताच्या लॅपटॉपवर तीन चौकोन होते. एकात ती, उस्मानपुऱ्यातल्या खोलीत. दुसऱ्यात तिच्या वर्गातला संघपाल. तिसऱ्यात तिची मैत्रीण सुलेखा, दातात पेन धरून. घड्याळात चार अठ्ठेचाळीस झाले होते.

खाली अनोळखी माणसाचा निरोप उघडाच होता. ‘कॉलेज सोडल्याचा अर्ज पाचपर्यंत पाठव. नाहीतर फोटो पिशोरात घरोघरी जातील.’ फोटो खोटे होते. चेहरा अमृताचा, अंग दुसऱ्याच कुणाचं. पण पिशोरात, तिच्या गावात, ते कोण तपासत बसणार?

संघपालनं खोटा अर्ज तयार केला होता आणि त्याच्या पोटात एक छोटा प्रोग्राम दडवला होता. अर्ज उघडला की उघडणाऱ्याचा पडदा यांना दिसणार.

"पाठवला गं. उघडलाच नाय तर?" अमृतानं विचारलं.

"उघडंल. धमकी देणाऱ्याला लई घाई असती," सुलेखा म्हणाली.

चार त्रेपन्नला चौथा चौकोन उजळला. त्या माणसाचा पडदा. त्याच्या माऊसचा बाण अर्जावरून खाली सरकला आणि सहीपाशी थांबला. मग अक्षरं उमटली: ‘कॉलेजचा शिक्का कुठंय? मला येडा समजती का? आता पाठवतोच.’

"मेलो! शिक्का राहिला," संघपाल पुटपुटला.

बाणानं फोटो उचलले. पाठवायच्या माणसांची यादी उघडली. सरपंच. लक्ष्मीबाई. पुंडलिक टेलर. कचरूमामा.

"त्याचं नेट पाडू?"

"फोनवरून पाठवील. थांब, संघपाल." अमृता पडद्याजवळ सरकली. "कचरू म्हणजे माझे आबा. गाव त्यांना कचरूभाऊ म्हणतं. मामा म्हणणारा एकच आहे. आत्याचा सत्यम, वैजापूरचा. यादी स्वतःच्याच फोनातून काढली त्यानं."

दिवाळीत आत्यानं तिला सत्यमसाठी मागितलं होतं. मामाच्या पोरीवर आपला हक्कच, असं धरून. अमृतानं शिक्षणाचं सांगून नाही म्हटलं होतं.

चार सत्तावन्न. तिनं फोनवरून आबांना व्हिडिओ कॉल लावला. नुसतं कपाळ दिसलं.

"काय गं? आत्ता कामून?"

"आबा, घाण दिसंल. पण नजर काढू नका. हा सत्यमचा कॉम्प्युटर आहे. फोटो खोटे आहेत." तिनं फोनचा कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्याकडं वळवला.

कपाळ हललं नाही. नंतर आबांचा आवाज आला, पण तो तिच्यासाठी नव्हता. "अगं, तुझा फोन दे इकडं."

सत्यमच्या पडद्याच्या कोपऱ्यात कॉल चमकला: कडूमामी. म्हणजे अमृताच्या आईचा फोन. बाण ‘पाठवा’वर होता. तो तिथंच थांबला. कॉल वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला. यादी मिटली. मग फोटो एकेक करून पुसले जाऊ लागले.

"पुसू दे. आपल्याकडं सगळं रेकॉर्ड झालंय," सुलेखा म्हणाली.

अमृतानं सायबर पोलिसांचा तक्रार अर्ज उघडला. संशयिताचं नाव, असा रकाना होता. रेघ त्यात लुकलुकत राहिली.

"अमृता," आबा म्हणाले, "घरातली गोष्ट हाय ही."

"आबा, मी घराबाहेरची हाय का?"

आबांनी फोन खाली धरला असावा. आता त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता, डोळे ओले.

"तुझ्या आत्याला, भागूला, मी सांगतो," ते म्हणाले. "तू लिही."