एका भिंतीला एकच खिळा

गवंड्याची लेक सासर सोडून माघारी आली, त्या वर्षी मी या भिंतीत घुसलो. मित्रांनो, मी एक जुना, मान वाकलेला खिळा आहे. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा करू नका. दोन हट्टी माणसांच्या कचाट्यात माझे आयुष्य गेले.

कारखान्यात तारेचे तुकडे पाडून माझ्यासारखे ढीगभर खिळे झाले. गवंड्याने मला फळ्या ठोकायला आणले आणि डब्यात टाकले. बैठकीच्या भिंतीचा गिलावा त्याने स्वतःच्या हाताने केला होता. तळहात फिरवला तर एक खडा लागत नसे. या भिंतीत कुणी टाचणीही टोचायची नाही, असा त्याचा दंडक. बायको होती तोवर तिने साधे कॅलेंडरसुद्धा लावले नाही.

लेकीने येताना एक चित्र आणले. वादळातली शिडाची बोट. सासरी भिंतीवर काय लागणार ते सासू ठरवी. बोट लेकीने स्वतः निवडलेली, म्हणून ती तिथे कपाटामागे पडून राहिली. इथे तरी ती भिंतीवर लागावी, एवढेच तिला हवे होते.

"माझ्या भिंतीला भोक पडणार नाही," गवंडी म्हणाला. "आणि बुडती बोट तर मुळीच नको. घरात आधीच एक बुडून आलंय."

"बुडत नाहीये ती. चाललीय."

तो कामावर गेल्यावर तिने त्याच्याच हातोडीने मला ठोकले. घाव चुकला, गिलाव्याला वीतभर भेग गेली. भेग बुजवणे हा त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. पण त्याने मुद्दाम बुजवली नाही. आल्यागेल्याला तो दाखवी, "ही आमच्या लेकीची कलाकुसर!"

"भेग काय बघताय काका, चित्र बघा," लेक आतून ओरडे.

मग गवंड्यानेही चित्र आणले. डोंगर आणि सूर्य. पोचवायला आलेला फ्रेमवाला हसत सांगत होता, "यांनी एकच विचारलं, बोटीपेक्षा मोठं काय आहे?" दुसरा खिळा म्हणजे दुसरे भोक. म्हणून त्याने डोंगर माझ्याच मानेवर, बोटीच्या अंगावर टांगला. सकाळी लेक बोट पुढे काढी, संध्याकाळी गवंडी डोंगर पुढे आणी. अशी वर्षे गेली. लोकांनी चित्रांना नावे ठेवली, भेगेला नावे ठेवली. मी वाकत होतो, ते कुणी पाहिले नाही. शेवटी एका दुपारी डोंगर खाली आला आणि काचेचा चुरा झाला.

"तूच पाडलास."

"तुमचाच डोंगर, तुमच्याच वजनानं पडला."

पुढे गवंडी आजारी पडला. त्याची खाट नेमकी बोटीसमोर आली.

"बोट वाकडी आहे," तो एकदा म्हणाला.

"तुमची भिंतच वाकडी असेल."

म्हातारा ताडकन उठून बसला. "माझी भिंत? ओळंबा आण!"

तिने त्याच्या पिशवीतला ओळंबा काढून चित्राशेजारी धरला. दोरी डुलत डुलत स्थिर झाली.

"भिंत सरळ आहे," तो म्हणाला. "खिळा वाकडा आहे."

"हो. खिळा वाकडा आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, आयुष्यात दोघांचे एकमत झाले ते या एका गोष्टीवर.

तो गेल्यावर चुलते त्याचा फोटो घेऊन आले. "दुसरा खिळा ठोक, पोरी."

"त्यांच्या भिंतीला दुसरं भोक पडणार नाही."

"मग ती बोट काढ."

"बोट निघणार नाही."

फोटो खालच्या फळीवर टेकून ठेवला. भेग तिनेही बुजवली नाही.

मित्रांनो, भिंतीवर काय लावायचे ते हवे तर भांडून ठरवा. पण घरात दोन माणसे असतील तर दोन खिळे ठोका. भोक बुजवता येते. बोट अजून माझ्या मानेवर आहे, वाकडीच.

ओळंबा धरला त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, गवंडी वारला. लेक गेल्या वर्षी थंडीत, याच खोलीत वारली.